टाकाऊ कोणी ठरवले? : एका उसन्या शब्दाच्या निमित्ताने

दरवर्षी पावसाळा सरता सरता आमच्या महाविद्यालयात पर्यावरणविषयक भित्तिपत्रकांचे प्रदर्शन भरते आणि दरवर्षी मराठी विभागाला त्याचे निमंत्रण येते. हे निमंत्रण परीक्षक म्हणून नसते. ते शुद्धलेखन तपासण्यासाठी असते. मराठीच्या अध्यापकांचा उपयोग ऱ्हस्व-दीर्घापलीकडे काही असू शकतो, यावर अन्य विद्याशाखांचा विश्वास उरलेला नाही आणि त्याचा दोष सर्वस्वी त्यांचा आहे असेही आम्ही म्हणणार नाही. आम्ही दोघे लाल पेन घेऊन जातो, 'पर्यावरण'मधला सुटलेला रफार जागेवर बसवतो आणि परत येतो.

या प्रदर्शनात तीन शब्द हटकून भेटतात. तीन हिरव्या बाणांच्या त्रिकोणाखाली ठळक अक्षरांत 'पुनर्चक्रीकरण : काळाची गरज'. त्याच्या शेजारी, शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासापासून सोबतीला असलेले 'टाकाऊतून टिकाऊ'. आणि अलीकडच्या काही वर्षांत, दारूच्या बाटलीवर दोरा गुंडाळून केलेल्या फुलदाणीपाशी, 'अपसायकलिंग'. कित्येक वर्षे आम्ही या तिन्ही शब्दांखालून निमूटपणे गेलो. आता मात्र काही बोलणे भाग आहे. आमचा आक्षेप शुद्धलेखनाचा नाही, आणि 'इंग्रजी हटाव' छापाचा तर मुळीच नाही. हे तिन्ही शब्द एक काम चोख करतात : ते वस्तूकडे बोट दाखवतात आणि त्या वस्तूमागचे हात नजरेआड करतात. आमचा आक्षेप त्याला आहे.

प्रथम मूळ इंग्रजी शब्दाचे कूळ पाहू. 'रिसायकल' हे क्रियापद आज जितके सात्त्विक वाटते तितके ते जन्मतः नव्हते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात, १९२० नंतर, ते खनिज तेलाच्या शुद्धीकरणाच्या धंद्यात वापरात आले. एका फेरीत पुरते विघटन न झालेले तेल नळाने मागे आणून पुन्हा त्याच यंत्रात सोडायचे, एवढाच त्याचा अर्थ होता. कागद, काच, धातू पुन्हा उपयोगात आणणे हा अर्थ त्याला १९६० च्या सुमारास चिकटला आणि पर्यावरणाच्या चळवळीबरोबर तो जगभर गेला. आपल्या भित्तिपत्रकांवरचे ते तीन बाण १९७० सालचे. शिकागोच्या एका पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कंपनीने स्पर्धा जाहीर केली आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गॅरी अँडरसन या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याचे चिन्ह त्यात पहिले आले. पुढे १९९४ साली 'साल्व्हो' या जुन्या इमारतसामानाच्या व्यवहाराला वाहिलेल्या ब्रिटिश पत्रात रायनर पिल्झ या जर्मन अभियंत्याने तक्रार केली की, ज्याला रिसायकलिंग म्हणतात ते प्रत्यक्षात वस्तूला खाली ढकलणे असते, चांगल्या विटा फोडून त्यांचा चुरा करणे असते. गरज आहे ती वस्तूचे मोल वर नेण्याची. 'अप' आणि 'डाउन' असे दोन उपसर्ग त्या शब्दाला लागले ते या तक्रारीतून. २००२ साली मॅकडोना आणि ब्राउनगार्ट यांच्या 'क्रेडल टु क्रेडल' या पुस्तकाने ही दृष्टी सर्वतोमुखी केली.

या व्युत्पत्तीत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. तेलशुद्धीच्या कारखान्यात जे द्रव्य मागे फिरते ते कोणी टाकलेले नसते आणि कोणी उचललेलेही नसते. मालक एकच, यंत्र एकच, नळही बंदिस्त. त्या चित्रात माणूस कोठेच नाही. इंग्रजी शब्द रस्त्यावर आला तेव्हा हे बंद नळाचे चित्र पोटात घेऊनच आला. आपल्याकडे मात्र असा नळ नाही. आपल्याकडे पहाटे पाचला पाठीवर पोते टाकून निघालेली बाई आहे, हातगाडी आहे, तराजू आहे, आणि वजनात मारलेल्या काट्यावरून होणारे भांडण आहे. 'चक्र' आपोआप फिरते अशी समजूत ज्या शब्दाने होते, तो शब्द या बाईसाठी बनलेलाच नाही.

आता त्याचा मराठी अवतार. 'पुनः' पुढे 'च' आला की विसर्गाचा 'श्' होतो, हे 'पुनश्च' म्हणणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. त्या न्यायाने 'पुनश्चक्रण' व्हायला हवे, 'पुनर्चक्रण' नव्हे. शिवाय 'चक्रीकरण' म्हणजे जे चक्र नव्हते त्याला चक्र करणे. 'शुद्धीकरण', 'सुलभीकरण' यांत आहे तोच हा प्रत्यय. तेव्हा 'पुनर्चक्रीकरण' याचा सरळ अर्थ 'पुन्हा एकदा चाक बनवणे' असा होतो. आणखी एक गंमत अशी की, 'सायकल'च्या मुळाशी असलेला ग्रीक शब्द आणि आपला 'चक्र' हे एकाच प्राचीन भारोपीय धातूचे वंशज आहेत. म्हणजे आपण भाषांतर केले असेही नाही. एका भावाला उठवून त्याच्या जागी दुसऱ्याला बसवले आणि त्याला नवा शब्द म्हटले. परंतु आम्ही येथेच थांबलो तर ते पुन्हा लाल पेनचेच काम होईल. 'पुनर्रचना' हाही शब्द संस्कृत नियमाने अशुद्धच आहे आणि तो आपण बिनतक्रार पचवला आहे. भाषा नियम मोडून जगते. प्रश्न नियमाचा नाही. ज्या व्यवहाराला शतकानुशतके शब्द आहेत त्या व्यवहारासाठी नवा शब्द घडवण्याची गरज कोणाला आणि का पडली, हा आहे.

नाशिककरांना शब्द घडवण्याचे वावडे असण्याचे कारण नाही. आमच्या जिल्ह्यातल्या भगूरला १८८३ साली जन्मलेल्या सावरकरांच्या नावावर 'महापौर', 'दिनांक' असे शब्द सांगितले जातात आणि ते रुळले आहेत. मराठी राजभाषेच्या कारभारासाठी १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले. त्याच्या परिभाषेची टिंगल करणे सोपे आहे, पण तिच्यावाचून शासनव्यवहार मराठीत आलाच नसता. 'महापौर' रुळला, कारण ते पदच परक्या व्यवस्थेतून आले होते आणि त्याला येथे नाव नव्हते. जुन्या वस्तूला पुन्हा कामाला लावणे ही मात्र परकीयांनी आणलेली व्यवस्था नव्हे. तिला मराठीत एक नव्हे, डझनभर नावे आहेत, आणि प्रत्येक नाव वेगळी क्रिया सांगते.

जुन्या नाशकातल्या तांबट आळीत किंवा भांडी बाजारात जाऊन उभे राहावे. नाशिकच्या तांब्यापितळेच्या भांड्यांची कीर्ती जुनी आहे. त्या दुकानात 'मोड' हा शब्द कानावर पडेल. मोड म्हणजे फुटकी-तुटकी, जुनी भांडी. ती वजनावर घ्यायची आणि वितळवून तिचे पुन्हा नवे भांडे करायचे. 'मोडीत काढणे' हा वाक्प्रचार येथला. सुशिक्षित मराठीत आपण तो 'कायमचे निकालात काढणे' या अर्थी वापरतो : अमुक पद्धत मोडीत निघाली, तमुक कायदा मोडीत काढला. तांबटाच्या लेखी मात्र मोडीत निघालेली वस्तू संपत नाही. ती कच्चा माल होते. सराफ बाजारातही तेच. डागिना 'मोडायचा' तो दुसरा घडवण्यासाठी. ज्या वाक्प्रचारात ही सगळी प्रक्रिया सामावली होती, त्याच्या अर्थातला उत्तरार्ध आपण, म्हणजे लिहित्या-वाचत्या वर्गाने, विसरून गेलो. आणि मग ती पोकळी भरण्यासाठी 'पुनर्चक्रीकरण' आणले. शब्द मोडीत कसा निघतो, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांला सापडलेले नाही.

सराफ बाजारावरून 'झारेकरी' आठवतो. सोनाराच्या दुकानातला केर, राख, माती धुऊन-गाळून तिच्यातला सोन्याचा कण वेगळा काढणारा तो झारेकरी. या धंद्याला नाव आहे, आणि नाव आहे म्हणून माणूस दिसतो. 'बोहारीण' जुन्या कपड्यांवर भांडे देते. 'कल्हईवाला' भांडे फेकण्याची पाळी येऊ नये म्हणून दारी येतो. 'रद्दी' हा अरबी 'रद्द'चा नातलग : नाकारलेले, परत केलेले. 'पाठकोरा' कागद तर आम्हां मास्तरांच्या घरचाच; आमच्यापैकी एकाच्या वडिलांनी सबंध हयातभर हिशेब पाठकोऱ्या कागदांवर लिहिला. आणि 'गोधडी', 'वाकळ'. धडका भाग कोणता आणि चिंधी कोणती हे पारखायचे. धडके वर, विरलेले आत, आणि मग दोरा भरायचा. 'अप' आणि 'डाउन' हा जो भेद इंग्रजीला १९९४ साली नव्याने सांगावा लागला, तो गोधडी आणि चिंधी या दोन शब्दांत घरोघरच्या बायका नित्य करत होत्या. एका 'रिसायकल'मध्ये इंग्रजी जे कोंबते ते मराठी मोडणे, वितळवणे, उसवणे, सांधणे, परतवणे, कुजवणे असे सुटे सुटे सांगते. हा भेद नुसता शब्दांचा नाही. धातू पुन्हा पुन्हा वितळवता येतो. कागदाचा तंतू मात्र दर फेरीत आखूड होत जातो. प्लॅस्टिकच्या बाटलीची बहुधा पुन्हा बाटली न होता धागा होतो आणि त्या धाग्याचे पुढे काहीच होत नाही. या तिन्हींना एकच हिरवा बाण लावणे म्हणजे विज्ञानाशीही अप्रामाणिकपणा आहे.

'टाकाऊतून टिकाऊ' हे त्या मानाने अस्सल मराठी, यमकही गोड. पण त्यातली पहिली पायरी पाहावी. त्यात वस्तू आधी टाकाऊ ठरते. कोणी ठरवली? मोडीच्या व्यवहारात वस्तू क्षणभरही टाकाऊ नसते. तिला दर असतो. ती टाकाऊ असते ती फक्त टाकणाऱ्याच्या दृष्टीने. आणि शाळेतला तो तास ज्यांना टाकणे परवडते त्यांच्याच मुलांसाठी रचलेला असतो.

येथवर वाचून काही वाचक सुखावले असतील याची आम्हांला कल्पना आहे. आजीची गोधडी, कल्हईचा वास, 'आमच्या संस्कृतीत काहीच वाया जात नसे' हा सूर आता लागणार, अशी त्यांची अपेक्षा असेल. तो सूर आम्ही लावणार नाही. कारण तो खोटा आहे.

आपल्या संस्कृतीत काहीच वाया जात नसे हे खरे. पण जे उरे ते कोणाला दिले जाई, हेही सांगितले पाहिजे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात त्याची तपशीलवार व्यवस्था आहे. सेवा करणाऱ्या शूद्राला उष्टे अन्न आणि जीर्ण वस्त्रे द्यावीत. चांडाळाने मृतांच्या अंगावरची वस्त्रे ल्यावीत आणि फुटक्या भांड्यांत जेवावे. हाही पुनर्वापरच! उलट असे म्हणता येईल की, इतका काटेकोर, इतका निर्दय पुनर्वापर जगात क्वचितच कोणी शास्त्राच्या आज्ञेने लादला असेल. मेलेले ढोर ओढणे, त्याचे कातडे सोडवणे, त्याचे मांस खाणे : गावगाड्यात काहीच वाया जाऊ नये म्हणून काही माणसांचे आयुष्य वाया घालवण्याची ती रीत होती. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत मांस आणि उष्टे तुकडे सोडा असे सांगितले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. या घटनांकडे 'टाकलेले आम्ही उचलणार नाही' असा नकार म्हणूनही पाहिले पाहिजे. तो नकार आमच्या गावापर्यंत आला : २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, आणि १९३५ च्या ऑक्टोबरात येवल्याला ती ऐतिहासिक घोषणा झाली.

म्हणून आजीच्या गोधडीचे स्मरणरंजन आम्हांला मान्य नाही आणि कोरा करकरीत पारिभाषिक शब्दही मान्य नाही. दोन्ही एकाच कामाला येतात. स्मरणरंजन या व्यवहारातली जात झाकते. पारिभाषिक शब्द जातीबरोबर माणूसही झाकतो. 'भंगार', 'रद्दी', 'मोड' हे शब्द सुशिक्षितांना नकोसे झाले ते ते अपुरे होते म्हणून नव्हे. ते बोलणाऱ्या माणसांशेजारी बसणे आपल्याला नको होते म्हणून. तीच क्रिया प्रयोगशाळेत आणि प्रदर्शनात न्यायची तर तिला आंघोळ घालून, संस्कृत उपसर्गाचे सोवळे नेसवून न्यावी लागली. 'अपसायकलिंग' हे तर त्याहून महागडे सोवळे. जुन्या साड्यांची वाकळ घरी असते तेव्हा ती पाहुण्यांपासून लपवली जाते. तीच दुकानात त्या नावाची चिठ्ठी लावून टांगली की बैठकीच्या खोलीत येते. मधल्या काळात वाकळ बदललेली नसते.

याला पर्याय नाही असे नाही. १९९३ साली पुण्यात कचरा वेचणाऱ्यांची संघटना उभी राहिली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया, आणि त्यांतल्या बहुसंख्य दलित. संघटनेने नाव घेतले 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. या नावाचा अभ्यास मराठीच्या वर्गात व्हायला हवा. त्यात 'पुनः' नाही, 'चक्र' नाही, 'पर्यावरण' नाही. तीन वस्तू आहेत, एक कष्टकरी आहे, आणि त्या कष्टकऱ्यांची पंचायत आहे. पाच शब्दांत माल, माणूस आणि त्याचा हक्क. पुढे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरावेचकांची दखल घेतली. पण भाषेत ती दखल या बायकांनी आधीच घेऊन ठेवली होती.

मराठी साहित्यालाही हे कळले होते, मराठी विभागांना कळले नाही. नाशिकजवळच्या विहितगावी १९३० साली जन्मलेले बाबूराव बागूल किंवा 'गोलपिठा'चे नामदेव ढसाळ यांनी 'ग्राम्य' म्हणून हाकललेली भाषा साहित्याच्या मध्यभागी आणून बसवली. नेमाड्यांनी २०१० साली आपल्या कादंबरीच्या उपशीर्षकात 'अडगळ' या शब्दाला 'समृद्ध' हे विशेषण लावले आणि आपण त्यावर चर्चासत्रे भरवली. चर्चासत्रात अडगळ समृद्ध असते. उत्तरपत्रिकेत ती आली की तिच्याखाली लाल रेघ ओढली जाते.

ही रेघ आम्हीच ओढली आहे, हे येथे कबूल केले पाहिजे. काही वर्षांपूर्वी द्वितीय वर्षाच्या अंतर्गत चाचणीत आम्ही निबंधाला विषय दिला होता : 'पुनर्चक्रीकरण : काळाची गरज'. भित्तिपत्रकावरचाच शब्द, आळसाने उचललेला. बहुतेकांनी मार्गदर्शकातला निबंध उतरवला : वसुंधरा, माता, आव्हान, कटिबद्ध. एका विद्यार्थिनीने तिच्या घरच्या भंगाराच्या दुकानावर लिहिले. माल आल्यावर पत्रा, बिड, पितळ, पुठ्ठा, काच कसे वेगळे करायचे. नळाचे पितळ आणि भांड्याचे पितळ हातात घेतल्यावर कसे ओळखायचे. ओला पुठ्ठा वजनात फसवतो म्हणून तो कसा दाबून पाहायचा. आणि माल घेऊन येणाऱ्या बायकांना आधी पाणी का द्यायचे. दोन पाने. वसुंधरेचा उल्लेख नाही. आम्ही 'भाषा ग्राम्य, विषयाला धरून नाही' असा शेरा मारून वीसपैकी आठ गुण दिले. कटिबद्ध वसुंधरेला तेरा, चौदा मिळाले.

ती भांडायला आली नाही. पेपर घेऊन विभागात आली आणि विचारले, "सर, भंगार लिहायचं नाही तर काय लिहायचं?" आम्ही तिला तो शब्द सांगितला. तिने तो समासात लिहून घेतला, एकदा हळू वाचला, आणि म्हणाली, "आमच्या दुकानात हा कोणालाच समजणार नाही." त्यात उपरोध नव्हता. आमच्यापैकी एकजण तेव्हा तिला म्हणाला, "दुकानात समजायची गरज नाही, परीक्षेत समजला पाहिजे." हे वाक्य आम्ही येथे जसेच्या तसे नोंदवत आहोत, कारण मराठीच्या अध्यापनाची गेल्या काही दशकांतली सगळी शोकांतिका त्यात आली आहे.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि आम्हीही पेढे वाटले. पण भाषेचे अभिजातपण तिच्या वयावर ठरत असेल, तर तिचे जिवंतपण कशावर ठरते? आमच्या मते, ज्याच्या हाताला काम माहीत आहे त्याला ते काम तिच्यात सांगता येते की नाही, यावर. त्या मुलीला ते सांगता येत होते. तिला गप्प बसवण्याचे काम इंग्रजीने केले नाही. आम्ही केले, मराठीचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांनी.

आमच्यावर एक आक्षेप येईल तो आधीच घेतो. शास्त्रीय लेखनाला काटेकोर परिभाषा लागते. 'मोड' आणि 'भंगार' घेऊन शोधनिबंध लिहिता येत नाही. या आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धे. काटेकोरपणाच हवा असेल तर दुकानाची परिभाषा भित्तिपत्रकाच्या परिभाषेहून अधिक काटेकोर आहे, हे वर दाखवले आहे. सर्वसमावेशक शब्द जेथे लागेल तेथे 'पुनर्वापर' खुशाल वापरावा. तो सोपा आहे, सर्वांना कळतो, आणि त्यातला 'वापर' हा संस्कृत 'व्यापारा'चा घासून घासून गुळगुळीत झालेला, घरचा झालेला शब्द आहे. पण त्या छत्रीखाली मोड, रद्दी, भंगार, गोधडी यांना जागा हवी. त्यांना बाहेर पावसात उभे करून छत्रीचे कौतुक नको.

म्हणून आमच्या मराठीच्या सहकाऱ्यांना, नाशकातल्या आणि बाहेरच्याही, आमचे सांगणे इतकेच. पुढच्या वर्षी भित्तिपत्रके तपासायला बोलावले तर पेन घरी ठेवून जा आणि विचारा की या चित्रात बाण आहेत, माणूस कोठे आहे. पदव्युत्तर वर्गाला कोशविज्ञानाचा प्रकल्प द्यायचाच असेल तर मुलांना ग्रंथालयात नव्हे, तांबट आळीत आणि रद्दीच्या दुकानात पाठवा. एकेका धंद्याचे शंभर शब्द, ते वापरणाऱ्याच्या तोंडच्या वाक्यासह, उतरवून आणायला सांगा. मोलस्वर्थने १८३१ साली असे शब्द कोशात घेतले तेव्हा त्याला ते ग्राम्य वाटले नव्हते. आणि उत्तरपत्रिकेवर 'भाषा ग्राम्य' हा शेरा मारण्यापूर्वी ग्राम कोणाचे, हा प्रश्न स्वतःला विचारा.

त्या चाचणीचे गुण विद्यापीठाकडे केव्हाच गेले. ते आता बदलता येत नाहीत. निबंध मात्र आमच्याकडे आहे. विभागाच्या कपाटात, रद्दीत घालायच्या गठ्ठ्यात तो सापडला. यंदा तो आम्ही वर्गात वाचून दाखवणार आहोत.